गुलामांच्या मनाचा डॉक्टर : फ्रांझ फॅनन

६ डिसेंबर हा दिवस आपल्या वस्तीत कोणाला सांगावा लागत नाही. १९५६ साली त्या दिवशी बाबासाहेब गेले. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या एका सरकारी इस्पितळात ३६ वर्षांचा एक काळा डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाने मरण पावला. त्याचे नाव डॉ. फ्रांझ फॅनन. तारीख एकच आली हा योगायोग आहे, आणि योगायोगातून चमत्कार काढायची सवय आपल्याला नाही. पण तारखेबरोबर माणूस लक्षात राहिला तर बरंच आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

फॅनन यांचे नाव निघाले की पुष्कळ लोक एकच शिक्का मारतात : हा हिंसेचा पुरस्कर्ता. मग पंचशील घेणाऱ्या घरांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशाला, असं कोणी विचारील. जरूर विचारावं. मीही पुष्कळ दिवस हाच प्रश्न मनात घेऊन त्यांच्याविषयी वाचत होतो. उत्तर शेवटी ज्याने त्याने ठरवायचे. पण आधी माणूस काय होता, कुठून आला, त्याने काय पाहिलं, हे तर समजून घेऊ.

साखरेचे बेट

वेस्ट इंडिजमध्ये मार्टिनिक नावाचे एक छोटे बेट आहे. १६३५ पासून ते फ्रेंचांच्या ताब्यात. आफ्रिकेतून माणसे जहाजात कोंबून आणायची, उसाच्या मळ्यावर राबवायची आणि साखर युरोपात विकायची, हा तिथला धंदा. १८४८ साली फ्रेंच सरकारने गुलामगिरी कायद्याने बंद केली. मळे मात्र गोऱ्या मालकांकडेच राहिले.

या बेटावर फोर-द-फ्रान्स या शहरात २० जुलै १९२५ रोजी फ्रांझचा जन्म झाला. आठ भावंडे. वडील जकात खात्यात नोकरीला, आई दुकान चालवायची. म्हणजे घरात खायला-प्यायला होतं, आणि मुलांना चांगल्या शाळेत घालण्याइतकी ऐपतही होती.

शाळेत मुलांना फ्रान्सचा इतिहास शिकवीत. फ्रान्समधले प्राचीन गॉल लोक हे आपले पूर्वज, असं ही काळी पोरं पाठ करायची! घरी, बाजारात लोक क्रिओल बोलत. पण मध्यमवर्गीय आया मुलांना क्रिओल बोलू देत नसत. बोलला की ओरडा बसायचा. सिनेमागृहात टारझनचा सिनेमा लागला की ही मुलं टारझनच्या बाजूने टाळ्या वाजवायची, काळ्यांच्या विरुद्ध. स्वतःलाच मारणाऱ्याला आपण टाळ्या देतो आहोत, हे त्या वयात कोणाच्या लक्षात येणार?

त्याच शहरातल्या शाळेत एमे सेझेर नावाचे कवी शिकवीत होते. काळं असणं ही लाजेची गोष्ट नाही, हे सेझेर यांनी फ्रेंच भाषेतच, पण फ्रेंचांच्या तोंडावर ठणकावून लिहिलं. १९३९ साली त्यांची मोठी कविता प्रसिद्ध झाली. मालकाचीच भाषा घेऊन मालकाला जाब विचारता येतो, हा धडा या बेटाला तिथे मिळाला.

गणवेशातला भेदभाव

१९४० साली हिटलरने फ्रान्स पाडलं. जर्मनांपुढे मान तुकवणारं सरकार फ्रान्समध्ये आलं, आणि त्याच्या आरमाराचे हजारो गोरे खलाशी मार्टिनिकमध्ये अडकून पडले. त्यांनी बेटावर दादागिरी सुरू केली. आपण फ्रेंचच आहोत असं समजणाऱ्या लोकांना पहिल्यांदा उघड कळलं, की गोऱ्याच्या डोळ्यांना आपण फक्त काळे दिसतो.

तरीही १९४३ साली सतरा वर्षांचा फ्रांझ चोरून होडीने शेजारच्या डॉमिनिका बेटावर गेला, स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायला. फ्रान्स संकटात आहे, स्वातंत्र्य संकटात आहे, मग आपण घरी कसं बसायचं? पुढच्या वर्षी तो रीतसर सैनिक म्हणून जहाजाने मोरोक्कोला पोहोचला, तिथून अल्जेरिया, तिथून फ्रान्स.

सैन्यात त्याने उतरंड पाहिली. वर गोरे फ्रेंच. खाली आफ्रिकेतले सेनेगाली शिपाई. मध्ये हे वेस्ट इंडिजवाले, त्यांना गोऱ्यांसारखा गणवेश. सेनेगाली शिपायांची टोपीसुद्धा वेगळी, आणि तोफेच्या तोंडी आधी तेच. पायरीपायरीवर माणसं उभी करायची आणि प्रत्येकाला खाली बघायला एक माणूस द्यायचा, ही युक्ती आपल्या वाचकांना नवी नाही. शिवाय विजय जवळ आला तशा काळ्या तुकड्या मागे घेऊन त्यांच्या जागी गोरे शिपाई आणले गेले.

नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्व फ्रान्सच्या लढाईत फ्रांझला तोफगोळ्याचे तुकडे लागले. शौर्यपदक मिळालं. त्या पदकाच्या कागदावर सही होती राऊल सालां नावाच्या कर्नलची. वाचकहो, हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. एप्रिल १९४५ मध्ये फ्रांझने घरी जे पत्र पाठवलं त्यात कबूल केलं, की ज्या कारणासाठी मी घर सोडलं ते कारणच खोटं निघालं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

पुढच्याच महिन्यात, ८ मे १९४५ ला, युरोपात विजयाचा दिवस साजरा होत असताना, अल्जेरियात सेतिफ गावी स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाने शंभराच्या आसपास युरोपीय मारले. मग फ्रेंच सैन्याने आणि गोऱ्यांच्या टोळ्यांनी त्या भागात हजारो अल्जेरियन मारून टाकले.

कातडी आणि मुखवटा

युद्धानंतर फॅनन फ्रान्समध्ये लिओं शहरात डॉक्टरकी शिकले. विषय घेतला मनोविकारांचा. शिकता शिकता एक पुस्तक लिहिलं, म्हणजे खरं तर बोललं. येरझारा घालत ते सांगायचे आणि जोजी ही त्यांची होणारी पत्नी उतरवून घ्यायची. हे लिखाण त्यांनी पदवीचा प्रबंध म्हणून द्यायचं ठरवलं होतं. ते नाकारलं गेलं. मग दुसरा साधा प्रबंध देऊन ते १९५१ साली डॉक्टर झाले, आणि नाकारलेलं लिखाण १९५२ साली पुस्तकरूपाने आलं. नावाचा अर्थ : काळी कातडी, गोरे मुखवटे.

त्यात एक प्रसंग आहे. थंडीच्या दिवसांत एक गोरं पोर त्यांच्याकडे बोट दाखवतं आणि आईला सांगतं, की मला या काळ्या माणसाची भीती वाटते. बस, एवढंच. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण शिकलेल्या, लढाईत जखमी झालेल्या त्या माणसाला आपल्या शरीराचे तुकडे झाल्यासारखं वाटलं. त्या पोराचा काय दोष? त्याच्या आधी शेकडो वर्षं गोष्टीच्या पुस्तकांनी, चित्रांनी, सिनेमांनी ती भीती तयार करून ठेवली होती.

पुस्तकाचं पहिलंच प्रकरण भाषेवर आहे. मार्टिनिकचा माणूस फ्रान्सला निघाला की ‘र’ नीट उच्चारायचा सराव करतो, कारण ‘र’ खाणारे म्हणून त्यांची चेष्टा व्हायची. असा एक जण ल हाव्र बंदरात उतरतो, उपाहारगृहात जाऊन वेटरला हाक मारतो. हाकेतला ‘र’ असा काही घोळवतो, की पुढच्या शब्दांसाठी ‘र’ उरतच नाही, आणि पितळ उघडं पडतं! हसू येतं खरं, पण आपल्याकडेही ‘न’ आणि ‘ण’ वरून माणसाचं घर कुठल्या गल्लीत ते ओळखणारे होतेच की. फॅनन पुढे सांगतात, की गोरे लोक, अगदी डॉक्टरसुद्धा, काळ्या माणसाशी मुद्दाम तुटकी-फुटकी फ्रेंच बोलतात. त्याचा अर्थ एवढाच : तू जिथे आहेस तिथेच राहा.

याच वर्षी त्यांनी फ्रान्समधल्या अल्जेरियन कामगारांवर एक लेख लिहिला. हे कामगार दवाखान्यात येत, अंग दुखतं म्हणत. कुठे दुखतं ते नेमकं सांगता येत नसे, भाषा नसे. डॉक्टर ठरवून मोकळे होत, की हा आळशी आहे, ढोंग करतोय. गिरणीत ज्याने काम केलं त्याला हे चटकन कळेल. माणूस कळवळून सांगतो की कंबर धरलीय, आणि समोरचा मनात ठरवून बसलेला असतो की याला खाडा करायचाय. फॅनन यांनी विचारलं, की बायकापोरांपासून तोडलेला, खुराड्यात राहणारा, रोज अपमान सोसणारा हा माणूस, त्याचं दुखणं फक्त शरीरात शोधून कसं सापडेल?

ब्लिदाचे इस्पितळ

नोव्हेंबर १९५३ मध्ये फॅनन अल्जेरियात ब्लिदा गावच्या वेड्यांच्या इस्पितळात विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. अल्जेरिया फ्रेंचांनी १८३० मध्ये घ्यायला सुरुवात केली होती. दहा लाखांच्या आसपास युरोपीय वस्ती आणि तिच्या आठ-नऊ पट मुसलमान. चांगली जमीन, मोठ्या नोकऱ्या, सत्ता सगळी पहिल्यांकडे. तिथल्या वैद्यकीय पंडितांनी तर शास्त्रच बनवलं होतं, की अल्जेरियन माणसाचा मेंदू जन्मतःच कमी दर्जाचा, म्हणून तो गुन्हेगार आणि आळशी. गुलामगिरीला शास्त्राचा आधार देणारे पंडित सगळ्या देशांत सापडतात.

फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय बायका आणि २२० मुसलमान पुरुष असे रुग्ण होते. कोंडून ठेवण्याऐवजी रुग्णांना एकत्र आणायचं, काम, गाणी, सण, छोटंसं वर्तमानपत्र यांतून त्यांना पुन्हा माणसांत आणायचं, ही पद्धत ते फ्रान्समधल्या सां-आल्बां इस्पितळात डॉ. तोस्केल यांच्याकडे शिकून आले होते. बायकांच्या विभागात ती छान चालली. पुरुषांच्या विभागात साफ फसली. पंडितांनी म्हटलं असतं, बघा, यांचा मेंदूच तसला.

फॅनन यांनी दोष स्वतःकडे घेतला. त्यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहून कबूल केलं, की आम्ही फ्रेंच रीत यांच्यावर लादली. यांना वाचता येत नाही, मग वर्तमानपत्र कोणासाठी? सण यांचे नाहीत, गाणी यांची नाहीत. डॉक्टरला अरबी येत नाही, मध्ये दुभाषा. दुभाषा म्हटलं की या लोकांना कोर्ट आणि पोलीस चौकी आठवते! मग त्यांनी तिथे गावातल्यासारखं कॉफीचं दुकान काढलं, ईद साजरी केली, गोष्टी सांगणाऱ्याला बोलावलं, फुटबॉलचं मैदान केलं, शेतीकाम दिलं. आणि माणसं बोलू लागली.

कार्यकर्त्यांनी शिकण्यासारखी ही गोष्ट आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी गेलेला माणूससुद्धा त्याच्या भाषेत गेला नाही, तर त्याच्यावर राज्यच करतो.

एकाच बागेत दोघे

१ नोव्हेंबर १९५४ ला राष्ट्रीय मुक्ती आघाडीने उठाव केला आणि युद्ध पेटलं. फ्रेंच सरकार त्याला युद्ध म्हणायला तयार नव्हतं. कागदोपत्री शब्द होते ‘घटना’ आणि ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’. फ्रान्सच्या संसदेने कायद्याने त्याला युद्ध म्हटलं ते १९९९ साली! पंचेचाळीस वर्षं एका शब्दाला लागली.

पकडलेल्यांना विजेचे झटके देत, नाकातोंडात पाणी सोडत. त्यातून जिवंत राहिलेले फॅनन यांच्याकडे येत. आणि झटके देणारेही येत. दोघांचा डॉक्टर एकच. एक पोलीस शिपाई यायचा. त्याला रात्री किंकाळ्या ऐकू यायच्या; तो खिडक्या लावून घ्यायचा, कानात बोळे घालायचा. एकदा इस्पितळाच्या आवारात त्याची गाठ अशा एका रुग्णाशी पडली, ज्याला त्यानेच चौकीत छळलं होतं. शिपाई घामाघूम होऊन झाडाला टेकला. आणि तो रुग्ण? तो नाहीसा झाला. शोधल्यावर संडासात सापडला, जीव द्यायच्या तयारीत. त्याला वाटलं, हा मला परत न्यायला आलाय.

दुसरा एक पोलीस अधिकारी होता. दिवसभर लोकांना बडवून घरी आला की बायकोला आणि तान्ह्या पोराला मारायचा. त्याला नोकरी सोडायची नव्हती. त्याचं मागणं होतं, की डॉक्टरांनी असा इलाज करावा, म्हणजे मनाला न लागता त्याला लोकांना छळता येईल!

आणखी एक गोष्ट तर वाचवत नाही. तेरा आणि चौदा वर्षांच्या दोन अल्जेरियन मुलांनी आपल्याच बरोबरीच्या गोऱ्या मित्राला मारलं. भांडण नव्हतं, एकत्र खेळायचे. त्यांचं म्हणणं होतं, की गोऱ्यांनी आमच्या माणसांना घरातून ओढून मारलं, त्यासाठी एकही गोरा तुरुंगात गेला नाही. मोठे आमच्याच्याने मारवत नाहीत, म्हणून आमच्याएवढा मारला.

१९५६ च्या अखेरीस फॅनन यांनी अल्जेरियाचे फ्रेंच मंत्री रोबेर लाकोस्त यांना राजीनामा पाठवला. त्याचा आशय असा, की माणसाला त्याच्या परिस्थितीशी पुन्हा जुळवून देणं हे माझ्या शास्त्राचं काम आहे. पण जिथे आपल्याच देशात माणसाला परका करून ठेवलंय, तिथे त्याला कशाशी जुळवून देऊ? पगार होता, बंगला होता, मुलगा वर्षाचा होता. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना हद्दपार केलं. ते ट्युनिसला गेले आणि उघडपणे मुक्ती आघाडीत सामील झाले.

रेडिओ आणि बुरखा

ट्युनिसमध्ये ते दिवसा इस्पितळात रुग्ण तपासायचे, आणि आघाडीच्या ‘एल मुजाहिद’ या पत्रासाठी लिहायचे. मनोरुग्णांनी दिवसा उपचार घेऊन संध्याकाळी घरी जायचं, असं इस्पितळही त्यांनी तिथे चालवलं.

१९५९ साली अल्जेरियन क्रांतीवर त्यांचं पुस्तक निघालं. त्यात रेडिओची हकिकत आहे. पूर्वी अल्जेरियन घरांत रेडिओ घेत नसत, कारण तो गोऱ्यांचा आवाज. १९५६ च्या अखेरीस आघाडीचं स्वतःचं केंद्र सुरू झालं आणि दुकानांतले रेडिओ वीस दिवसांच्या आत संपले! सरकारने रेडिओ आणि बॅटऱ्या विकायला बंदी केली, प्रक्षेपणात खरखर घातली. मग एक जण कान लावून बसायचा आणि भोवती जमलेल्यांना सांगायचा. अर्धं ऐकलेलं, अर्धं जुळवलेलं. पण आता तो आपला आवाज होता. विशेष म्हणजे हे केंद्र अरबी आणि कबाइली भाषेबरोबर फ्रेंचमध्येही बोलायचं. कालपर्यंत जी फक्त हुकुमाची भाषा होती, तिच्यातून लढाईची बातमी येऊ लागली.

बायकांच्या बुरख्यावरही त्यांनी लिहिलं. फ्रेंच सत्ता अल्जेरियन बायकांना बुरखा काढायला लावत होती, उद्धाराच्या नावाखाली. बायकांनी मात्र कधी बुरखा काढून, कधी घालून, त्यातून हत्यारं आणि निरोप पोहोचवले. मात्र बायकांच्या प्रश्नावर फॅनन सगळीकडे न्यायाने वागले असं नाही. पहिल्या पुस्तकात एका काळ्या लेखिकेवर त्यांनी फार कठोर लिहिलं, आणि पुढच्या काळातल्या स्त्रियांनी त्याबद्दल त्यांना जाब विचारला. तो रास्तच आहे.

जिथे ते गप्प राहिले

थोर माणसाची फक्त आरती करायची नसते. मे १९५७ मध्ये मेलूझा इथे मुक्ती आघाडीच्याच लोकांनी सुमारे ३०० गावकरी मारले, कारण गाव विरोधी संघटनेच्या बाजूचं होतं. डिसेंबर १९५७ मध्ये आघाडीचे मोठे नेते आबान रमदान यांना त्यांच्याच सोबत्यांनी मोरोक्कोत नेऊन गळा आवळून मारलं. मग आघाडीच्या पत्राने छापलं, की ते रणांगणावर धारातीर्थी पडले. आबान हे फॅनन यांच्या जवळचे. खरं काय ते फॅनन यांना माहीत होतं. त्यांनी जाहीरपणे तोंड उघडलं नाही. शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, चळवळ फुटेल, असं वाटलं असेल. चळवळीत राहिलेल्यांना हे मौन ओळखीचं आहे. पण त्याची टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती, हे त्यांच्याशी बोललेल्या सिमोन द बोव्हार यांनी लिहून ठेवलं आहे.

शेवटचे पुस्तक

१९६० साली अल्जेरियाच्या हंगामी सरकारने त्यांना घानामध्ये राजदूत नेमलं. त्याच वर्षाच्या शेवटी रक्ताचा कर्करोग निघाला. मॉस्कोत उपचार झाले. दिवस थोडे आहेत हे डॉक्टर माणसाला कोणी सांगायला नको होतं. १९६१ च्या उन्हाळ्यापर्यंत, काही थोड्या महिन्यांत, त्यांनी शेवटचं पुस्तक पुरं केलं. त्याचं नाव कामगारांच्या ‘इंटरनॅशनल’ गीतातून घेतलेलं. पृथ्वीवरचे शापित, असा त्याचा अर्थ. प्रस्तावना लिहिली ज्याँ पॉल सार्त्र यांनी. पुस्तक पॅरिसमध्ये निघालं आणि पोलिसांनी जप्त केलं.

पहिल्या प्रकरणात त्यांनी मांडलं, की वसाहतीत पहिली हिंसा राज्य करणाऱ्याची असते. दोन वेगळ्या वस्त्या, एक दिवे-डांबरी रस्ते असलेली, एक उपाशी, आणि मध्ये बंदूक. ही हिंसा गुलामाच्या अंगात साचत जाते. आधी तो आपल्याच भावाचा गळा धरतो, दारू पिऊन, सुरा काढून. एक दिवस ती मालकावर उलटते, आणि त्या उठावात वाकलेला माणूस सरळ होतो. लोक एवढंच वाचतात. प्रस्तावनेत सार्त्र याच्याही पुढे गेले, त्यामुळे फॅनन म्हणजे हिंसा हे समीकरण झालं.

पण त्याच पुस्तकाचं शेवटचं मोठं प्रकरण रुग्णांच्या नोंदींचं आहे. वर सांगितलेले शिपाई, अधिकारी, ती दोन मुलं, सगळे तिथे आहेत. शिवाय आणखी एक जण आहे. स्वतंत्र झालेल्या एका आफ्रिकी देशातला लढवय्या. त्याने ठेवलेल्या बॉम्बने दहा माणसं मेली होती. देश स्वतंत्र झाला, त्याला आपल्या लढ्याचा पश्चात्ताप नव्हता. तरी दरवर्षी ती तारीख जवळ आली की त्याची झोप उडायची, जीव द्यावासा वाटायचा. आपल्याच बाजूच्या माणसाची ही नोंद फॅनन यांनी लपवली नाही. पहिल्या प्रकरणात लढाऊ कार्यकर्ता बोलतो, शेवटच्या प्रकरणात डॉक्टर बोलतो. दोन्ही मिळून एक माणूस होतो.

आणि मधलं एक प्रकरण आहे, ते तर आजही कोणत्याही चळवळीने भिंतीवर लावावं असं आहे. झेंडा बदलला, म्हणजे स्वातंत्र्य आलं असं नाही, हे त्यांनी स्वातंत्र्याच्या आधीच सांगितलं. जाणाऱ्या साहेबाच्या खुर्चीत आपल्यातलाच एक बसतो, त्याच मोटारीत फिरतो, पक्षाचा पुढारी लोकांना जुन्या लढ्याच्या आठवणी सांगून झोपवतो, आणि मग जमातीजमातीत, धर्माधर्मांत भांडणं लावली जातात. ५ जुलै १९६२ ला अल्जेरिया स्वतंत्र झाला. ऑक्टोबर १९८८ मध्ये त्याच स्वतंत्र देशाच्या सैन्याने रस्त्यावर आलेल्या आपल्याच तरुणांवर गोळ्या झाडल्या. शेकडो मेले. फॅनन यांचं निदान चुकलं नाही, हे किती वाईट!

अखेर आणि मागे राहिलेलं

ऑक्टोबर १९६१ मध्ये उपचारासाठी त्यांना अमेरिकेत नेलं. ज्या देशातल्या वर्णद्वेषाचा त्यांना तिटकारा, तिथेच जाणं नशिबी आलं. आधी काही दिवस हॉटेलात पडून राहावं लागलं, मग मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या सरकारी इस्पितळात इब्राहिम फॅनन या नावाने दाखल केलं. पुस्तक छापून आलेलं त्यांनी पाहिलं. जोजी आणि सहा वर्षांचा मुलगा जवळ होते. ६ डिसेंबरला सगळं संपलं.

त्यांचा मृतदेह विमानाने ट्युनिसला आणला. १२ डिसेंबर १९६१ रोजी मुक्तिसेनेच्या शिपायांनी तो सरहद्द ओलांडून अल्जेरियाच्या मातीत नेला आणि लष्करी मानाने पुरला. युद्ध अजून चालू होतं. पुढे त्यांची कबर ऐन केरमा गावच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत हलवली. आणि ते पदकाच्या कागदावर सही करणारे सालां? ते जनरल झाले, आणि १९६१ साली अल्जेरिया फ्रेंचांकडेच राहावा म्हणून बॉम्ब उडवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचे प्रमुख झाले. १९६२ साली त्यांना जन्मठेप झाली आणि १९६८ साली माफीही मिळाली.

ब्लिदाच्या इस्पितळाला आज फ्रांझ फॅनन यांचं नाव आहे. २०१८ साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी प्रथमच मान्य केलं, की १९५७ साली अल्जियर्समध्ये पकडलेला तरुण गणितज्ञ मोरिस ओदँ याचा छळ फ्रेंच सैनिकांनी केला, आणि अशा छळाची व्यवस्था कायद्याच्या छत्राखाली उभी राहिली होती. सत्य सांगायला सरकारांना एवढी वर्षं लागतात. फॅनन यांच्या वहीत ते १९५६ सालीच लिहिलेलं होतं.

अमेरिकेत १९६६ साली ब्लॅक पँथर काढणाऱ्या तरुणांनी फॅनन यांचं शेवटचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं होतं. त्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. म्हणजे मार्टिनिकच्या त्या मुलाचा धागा, कितीही लांबून का होईना, आपल्या चाळीपर्यंत आलेला आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. मला स्वतःला फॅनन यांचं पहिलं प्रकरण सगळं पटत नाही. खून करून माणूस सरळ होतो, हे माझ्या मनाला मान्य नाही. आणि त्यांच्याच वहीतल्या त्या बॉम्बवाल्या रुग्णाने माझी बाजू घेतली आहे. पण वस्तीतलं एखादं पोर सुरा घेऊन दुसऱ्या पोराच्या अंगावर धावतं, तेव्हा त्याला नुसतं वाया गेलेलं म्हणून मी आता मोकळा होत नाही. हे त्याच्यात साचलं कुठून, असं विचारतो. दुखणं सांगणाऱ्याला ढोंगी म्हणण्याआधी त्याच्या भाषेत ऐकावं, एवढं तरी या डॉक्टरने मला शिकवलं. आपल्या घरांतल्या शिकणाऱ्या मुला-मुलींनी त्यांची पुस्तकं मिळवून वाचावीत, आणि मग माझ्याशी भांडायला विहारात यावं. मी वाट बघतो.

डॉ. फ्रांझ फॅनन यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!